वुस्टरचं कोर्ट बसलं नाही: मॅसॅच्युसेट्स, १७७४

६ सप्टेंबर १७७४, मंगळवार. अमेरिकेतल्या इंग्लंडच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, बोस्टनपासून चाळीसेक मैल आत, वुस्टर नावाचं जिल्ह्याचं गाव. त्या दिवशी तिथलं कोर्ट नव्या सत्रासाठी उघडायचं होतं. पण उजाडल्यापासून आसपासच्या गावांतून शेतकरी चालत येत होते. घोळक्याने नव्हे, आपापल्या गावच्या तुकडीने, आपण निवडलेल्या नायकाच्या मागे. ब्रेक पार्कमन नावाच्या गृहस्थाने त्या दिवशी डोकी मोजली. ३७ तुकड्या, ४,६२२ माणसं. खुद्द वुस्टरची वस्ती पोराबाळांसकट दोन हजारांच्या आतबाहेर.

कोर्टाच्या इमारतीचं दार शेतकऱ्यांनी आतून अडवलेलं होतं. न्यायाधीश, वकील आणि इतर अधिकारी डॅनियल हेवूडच्या सराईत जाऊन बसले. बाहेर प्रत्येक तुकडीने आपला एक माणूस निवडला, त्या निवडलेल्यांची समिती झाली, आणि ती आत-बाहेर फेऱ्या मारू लागली. मागणी एकच: लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या नव्या कायद्याखाली आम्ही कोर्ट चालवणार नाही, असं लिहून द्या. न्यायाधीशांनी एक मसुदा दिला. समितीला तो चालला, पण तुकड्यांना तो मिळमिळीत वाटला. परत पाठवला. यात दिवस गेला. दुपार कलल्यावर शेतकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि त्या दोन रांगांमधून राजाच्या अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन चालावं लागलं. थोडं पुढं गेलं की थांबायचं, आपलं लेखी वचन मोठ्याने वाचायचं, पुन्हा चालायचं. तीसहून अधिक वेळा वाचलं तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं.

गोळी सुटली नाही. कुणी मेलं नाही. बंदुका बहुतेकांनी आणल्याच नव्हत्या. पण त्या संध्याकाळनंतर वुस्टर जिल्ह्यात इंग्लंडच्या राजाचं राज्य उरलं नाही, आणि ते पुन्हा कधीच आलं नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट आपल्याकडे शाळेत दोन चित्रांत संपते: बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकणारे लोक, आणि मग जॉर्ज वॉशिंग्टन. मधली ही संध्याकाळ कुणी सांगत नाही. मला मात्र वाटतं की वसाहतीतले लोक साम्राज्याविरुद्ध नेमके कसे उठतात, हे समजून घ्यायचं तर इथंच थांबायला हवं. चहा फेकणारे शंभर-दीडशे होते. इथं जिल्ह्यातल्या कर्त्या पुरुषांपैकी निम्म्याच्या आसपास एका रस्त्यावर उभे होते. आणि ते चहासाठी आलेले नव्हते.

कर्ज, स्टॅम्प आणि एक बारीक कलम

इंग्लंडने १७६३ मध्ये फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध जिंकलं. कॅनडा मिळाला, बंगालमध्ये कंपनीचे पाय रोवले गेले, आणि राष्ट्रीय कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेलं. अमेरिकेत दहा हजारांच्या आसपास सैन्य ठेवायचं ठरलं. त्याचा काही खर्च तिथल्या लोकांनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा हिशेबाने बघितली तर अवाजवी नव्हती. इंग्लंडमधला माणूस अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणाचा नीट विचार होत नाही.

१७६५ चा स्टॅम्प कायदा त्यातूनच आला. स्टॅम्प ड्यूटी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. करारनामा, कोर्टाचा कागद, वर्तमानपत्र, पत्त्यांचा जोड, सगळ्यावर शिक्का. बोस्टनमध्ये १४ ऑगस्टला स्टॅम्प विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला. बारा दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सनचं घर फोडलं. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. आमचा माणूस पार्लमेंटमध्ये नाही, तर आमच्यावर कर बसवायचा हक्क पार्लमेंटला नाही, हे त्यांचं म्हणणं. इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचा माल पडून राहिला आणि १७६६ च्या मार्चमध्ये कायदा मागे घेतला गेला.

त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक छोटा कायदा केला. वसाहतींना ‘सर्व बाबतींत’ बांधणारे कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, एवढंच त्यात होतं. बोस्टनमध्ये स्टॅम्प गेल्याची रोषणाई झाली, या कलमाकडे फारसं कुणी बघितलं नाही. पुढचं सगळं भांडण त्या दोन शब्दांवरचं आहे.

मग १७६७ मध्ये काच, शिसं, कागद, रंग आणि चहा यांवर जकात आली. उत्तर म्हणून विलायती मालावर बहिष्कार. १७६८ मध्ये बोस्टनमध्ये पलटण उतरली. ५ मार्च १७७० ला सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. योगायोग असा की त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी चहा वगळता बाकीच्या जकाती उठवण्याचा प्रस्ताव मांडला होता. चहावरची का ठेवली? हक्क सोडलेला नाही हे दिसावं म्हणून. रत्तलामागे तीन पेन्स.

चहा आणि बंगाल

इथं आपला संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १७७० च्या सुमारास बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि ईस्ट इंडिया कंपनी महसुलाची वसुली करतच राहिली. तरी १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लष्कराचा खर्च, भागधारकांना वाटलेला भरमसाट लाभांश, युरोपातली पतटंचाई, आणि गोदामात पडून असलेला कोट्यवधी रत्तल चीनचा चहा. सरकारने कंपनीला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, कारभारावर अंकुश ठेवणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला, आणि मे १७७३ मध्ये तिला स्वतःचा चहा नेमलेल्या आडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली.

चहा स्वस्त होणार होता. लंडनला वाटलं, स्वस्त चहाला कोण नाही म्हणेल? पण बोस्टनमध्ये चहा विकण्याचा मक्ता मिळालेल्या आडत्यांत गव्हर्नर हचिन्सन यांची दोन मुलं होती. आधी आणणारे व्यापारी बाजूला पडणार होते. आणि प्रत्येक स्वस्त कपाबरोबर ती तीन पेन्सची जकात, म्हणजे पार्लमेंटचा तो हक्क, गिळावा लागणार होता. बंगालमध्ये कंपनीने काय केलं याच्या बातम्या अमेरिकेतही पोहोचल्या होत्या. उद्या हीच कंपनी आपल्या दारात येईल, अशी भीती पत्रकांतून उघड बोलली गेली.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. सुमारे ९२,००० रत्तल चहा, किंमत ९,६५९ पौंड. ओहोटी होती, त्यामुळे पत्तीचे ढीग पाण्याच्या वर साचले आणि ते लोकांना ढोसून खाली लोटावे लागले. चहाखेरीज जहाजावरच्या कशालाही त्यांनी हात लावला नाही.

आता वुस्टरचा शेतकरी यात कुठं होता? खरं सांगायचं तर फारसा नव्हता. तो चहा पीत असेल, पण त्याचं भांडण रोजच्या जगण्याशी होतं. बोस्टनच्या सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी १७७२ मध्ये पत्रव्यवहार समिती काढून गावोगावी पत्रं धाडली होती, काही गावांनी उत्तरं दिली, काहींनी दिलीही नाहीत. चहाची नासधूस अनेकांना पटली नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन यांनीसुद्धा नुकसान भरून द्यावं असं सुचवलं होतं.

चूक नेमकी कुठं झाली

लंडनने बोस्टनला धडा शिकवायचं ठरवलं. १ जून १७७४ पासून बंदर बंद. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित बोस्टन एकटं पडलं असतं. पण २० मे रोजी मंजूर झालेला दुसरा कायदा होता मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा, आणि माझ्या मते साम्राज्य त्या कायद्याने गमावलं.

१६९१ च्या सनदेनुसार वसाहतीचं सल्लागार मंडळ लोकांचे प्रतिनिधी निवडत. आता ते राजा नेमणार. न्यायाधीश नेमणं-काढणं गव्हर्नरच्या हाती. ज्यूरीतले लोक आजवर गावसभा निवडायची, आता शेरीफ निवडणार. आणि गावसभा वर्षातून एकदाच भरायची. जादा सभा हवी तर गव्हर्नरची परवानगी काढायची.

ही गावसभा म्हणजे काय ते डोळ्यांपुढं आणलं पाहिजे. रस्ता कुठं दुरुस्त करायचा, डुकरं मोकाट सोडायची की नाही, शाळामास्तरला किती द्यायचं, कुणावर किती कर, हे सगळं थोडीफार मालमत्ता असलेले पुरुष हात वर करून ठरवत. सव्वाशे-दीडशे वर्षं हे चालू होतं. आजोबांनी ठरवलं, बापाने ठरवलं. बाया, गुलाम आणि निर्धन त्यात नव्हते, हे खरंच आहे. पण ज्यांना हा हक्क होता त्यांना तो कुणी दिलाय असं वाटतच नव्हतं. तो घराच्या उंबऱ्यासारखा होता.

आणि कोर्ट. जिल्ह्याच्या त्या कोर्टात खटले प्रामुख्याने कर्जाचे असत. रोख पैसा गावात कमी, उधारीवर व्यवहार, एक-दोन वर्षं पीक बुडालं की सावकार कोर्टात. जप्ती झाली तर जमीन जाणार. जमीन गेली की मतही गेलं. आजवर निदान ज्यूरीत शेजारपाजारचे असत. आता न्यायाधीश गव्हर्नरच्या हातचा, ज्यूरी शेरीफच्या मर्जीची. सावकारी आणि कुळं यांचा इतिहास ज्यांच्या घराण्यात आहे, त्यांना या भीतीचं वजन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तीन पेन्सच्या जकातीने वकील आणि व्यापारी चिडले होते. या कायद्याने शेतकऱ्याच्या बांधाला हात घातला.

शाईत बुडवलेली बोटं

वुस्टरमध्ये राजाचे पक्षपाती कमी नव्हते. चँडलर घराणं तर जिल्ह्यातलं सगळ्यात बडं प्रस्थ. न्यायाधीशपासून टाउन क्लार्कपर्यंत पदं त्यांच्या घरात. दुसऱ्या बाजूला टिमोथी बिगेलो नावाचा लोहार आणि त्याच्या साथीदारांनी १७७३ च्या डिसेंबरअखेर काढलेली एक राजकीय मंडळी. गावसभेत काय मांडायचं हे ती मंडळी आधी बसून ठरवायची.

जून १७७४ मध्ये राजनिष्ठ ५२ जणांनी या मंडळींविरुद्ध कडक निषेधपत्र लिहिलं, आणि त्याच घराण्यातल्या क्लार्क चँडलर नावाच्या टाउन क्लार्कने ते गावसभेच्या दप्तरात उतरवून घेतलं. २४ ऑगस्टला गावसभा भरली. ठराव झाला की ते निषेधपत्र दप्तरातून खोडावं. क्लार्क चँडलरने सगळ्यांसमोर लेखणीने ओळीवर ओळ खोडली. तरी अक्षरं दिसत होती. मग त्याला स्वतःची बोटं शाईत बुडवून त्या पानावर फिरवावी लागली. गिरगिटलेलं ते पान आजही जपून ठेवलेलं आहे.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो दोन्ही अर्थांनी. एका माणसाची भर सभेत मानहानी झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या बाजूचं मतही मतच होतं. पण आपल्या दप्तरात काय राहावं हे गावसभा ठरवेल, गव्हर्नर नाही, हे त्या पानावर लिहिलं गेलं.

त्याच २४ ऑगस्टला सेलम गावात हचिन्सन यांच्या जागी आलेले गव्हर्नर टॉमस गेज यांनी गावसभा थांबवण्यासाठी तिथल्या समितीला बोलावून घेतलं. ते समितीशी बोलत होते तेवढ्यात सभा उरकून लोक घरी गेले.

गेज हे काही निर्बुद्ध अधिकारी नव्हते. वीस वर्षं अमेरिकेत काढलेली, बायको तिथलीच. ऑगस्टअखेर त्यांनी लंडनला कळवलं की वुस्टरचे लोक उघड प्रतिकाराच्या गोष्टी करतात, कदाचित फौज पाठवावी लागेल. पण १ सप्टेंबरला त्यांच्या सैनिकांनी बोस्टनजवळच्या कोठारातली २५० छोटी पिंपं बारूद उचलून आणली, आणि बोस्टनवर तोफा डागल्या, माणसं मेली, अशी अफवा पसरली. हजारो लोक रात्रीतून हत्यारं घेऊन रस्त्यावर आले. खोटं आहे कळल्यावर परत गेले. गेज यांनी हे पाहिलं आणि वुस्टरला फौज धाडण्याचा बेत सोडला. म्हणून पाच दिवसांनी त्या रस्त्यावर लाल डगलेवाला इंग्रज शिपाई एकही नव्हता.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत बोस्टनबाहेरच्या कोर्टांचं काम ठप्प होतं. राजाने नेमलेले सल्लागार राजीनामे देत होते किंवा बोस्टनमध्ये पलटणीच्या आश्रयाला पळत होते. मॅसॅच्युसेट्सने आपली स्वतंत्र प्रांतिक सभा भरवली आणि गावांना सांगितलं की कर आता राजाच्या खजिनदाराकडे नको, आमच्याकडे भरा. ४ ऑक्टोबरला वुस्टरच्या गावसभेने बिगेलोला प्रतिनिधी म्हणून धाडताना सूचना दिल्या: जुनी राज्यव्यवस्था मोडली असं समजून नवं सरकार उभं करण्याच्या कामाला लागा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायला अजून एकवीस महिने होते. फिलाडेल्फियात जमलेले वसाहतींचे बडे पुढारी त्या वेळी राजाकडे अर्ज पाठवण्याची भाषा करत होते.

गेज यांनी नोव्हेंबरमध्ये लिहिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: दहा हजार माणसं पुरतील असं वाटत असेल तर वीस हजार पाठवा. हे कायदे तूर्त स्थगित ठेवा असंही त्यांनी सुचवलं. त्यांच्याजवळ तीनेक हजार सैनिक होते. लंडनला हे पत्र भेकडपणाचं वाटलं.

लढाई

१९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला जे पेटलं ते म्हणजे गमावलेला प्रांत परत घेण्याचा प्रयत्न होता. सैनिक शस्त्रसाठा जप्त करायला गेले, आणि परतताना दोन्ही बाजूंच्या कुंपणांआडून त्यांच्यावर गोळ्या आल्या. त्यांचे २७३ ठार, जखमी, बेपत्ता, समोरचे ९५. जूनमध्ये बंकर हिलची लढाई. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांच्या पत्रकाने राजा ही गोष्टच नको असं साध्या भाषेत सांगितलं, जुलैत जाहीरनामा निघाला.

त्यापुढची सात वर्षं सोपी नव्हती. वॉशिंग्टन यांनी जिंकल्या त्याहून जास्त लढाया हरल्या. १७७७ च्या ऑक्टोबरात साराटोगाला एक अख्खी ब्रिटिश फौज शरण आली, तेव्हा फ्रान्स उघड मैदानात उतरला. पैसा, बारूद आणि मुख्य म्हणजे आरमार फ्रान्सचं. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला, कारण समुद्राची वाट फ्रेंच जहाजांनी रोखली होती.

याच वर्षांत इकडे कंपनी मराठ्यांशी लढत होती. रघुनाथरावांशी सुरतेचा तह मार्च १७७५, लेक्सिंग्टनच्या दीडेक महिना आधी. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेने मराठ्यांपुढे मान तुकवली. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह. अमेरिका, फ्रान्स, स्पेन, हॉलंड, मराठे, हैदर: इंग्लंड इतक्या ठिकाणी एकाच वेळी गुंतलं होतं. आणि यॉर्कटाउनला हरलेला तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला. तिकडे गेलं ते साम्राज्य इकडे भरून काढलं गेलं, आणि इथं सल्लागार मंडळ निवडण्याचा हक्क कुणाला सनदेत लिहून दिलेला नव्हता.

३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये तह होऊन इंग्लंडने स्वातंत्र्य मान्य केलं. साठ हजारांच्या घरात राजनिष्ठ लोक देश सोडून गेले. वुस्टरच्या चँडलर घराण्यातला जॉन चँडलरही गेला. त्याची मालमत्ता जप्त झाली. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं घडत होतं त्या मूळ रहिवाशांचं नावही तहात नव्हतं. गुलामांनी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारकडे स्वातंत्र्याचे अर्ज चहाच्या आधीपासून केले होते. गुलामीतल्या क्वॉक वॉकर या माणसाचे खटले १७८१ पासून वुस्टरच्याच कोर्टात चालले, आणि १७८३ मध्ये सरन्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की राज्याच्या नव्या घटनेशी गुलामी जुळत नाही. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी त्यानंतर मोडत गेली. इतर बहुतेक ठिकाणी ती टिकली.

बारा वर्षांनी

नव्या राज्याला युद्धाचं कर्ज फेडायचं होतं. कर रोखीत मागितला गेला. रोख गावात १७७४ मध्ये नव्हती, या वेळीही नव्हती. युद्धात लढून आलेले शेतकरी कर्जापायी कोर्टात उभे राहू लागले, काही तुरुंगात गेले. अर्ज केले, उपयोग झाला नाही. ५ सप्टेंबर १७८६ ला सशस्त्र शेतकऱ्यांनी वुस्टरच्या कोर्टाच्या पायऱ्या अडवल्या. जुन्या दिवसाला बारा वर्षं भरायला एक दिवस कमी होता.

या वेळी समोर न्यायाधीश म्हणून आर्टेमस वॉर्ड होते, जिल्ह्याचेच, शेजारच्या श्रूजबरीचे. १७७५ मध्ये वॉशिंग्टन येईपर्यंत बोस्टनला वेढा घालून बसलेल्या शेतकरी फौजेचे सेनापती तेच. संगिनी छातीला टेकलेल्या असताना ते पायऱ्यांवर उभे राहिले आणि दोन तास बोलले: हा राजद्रोह आहे, आता सरकार तुमचंच आहे. ज्या सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी गावोगावी पत्रं धाडली होती, ते आता या बंडखोरांना कठोर शिक्षा व्हावी म्हणून आग्रह धरणार होते.

समोरच्या माणसांनी वॉर्ड यांचं सगळं ऐकून घेतलं. पण संगिनी खाली केल्या नाहीत. न्यायाधीश वळले, रस्त्यावरच्या एका सराईत गेले आणि तिथं बसून त्यांनी कोर्ट तहकूब केलं.